ई-ग्रंथालय : उपलब्धतेकडून उपयोगाकडे

उच्च शिक्षणाच्या गुणवत्तेची चर्चा करताना अध्यापक, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय या तीन अंगांचा विचार प्रामुख्याने केला जातो. यांपैकी ग्रंथालयाचे स्वरूप गेल्या पाव शतकात जितके पालटले, तितके अन्य कोणत्याही अंगाचे क्वचितच पालटले असेल. विद्यापीठाच्या इमारतीतील कपाटे, त्यांतील बांधीव खंड आणि तालिकापत्रांचे खण यांच्या जोडीला आता ई-नियतकालिके, ई-पुस्तके, प्रबंधांचे संग्रह आणि माहितीसंच आले आहेत. केंद्र शासनाने या साधनांवर मोठी गुंतवणूक केली आहे. १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ अर्थात ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेसाठी तीन वर्षांकरिता सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली आहे. साधने विकत घेणे हा या प्रयत्नाचा पूर्वार्ध होय. ती विद्यार्थ्याच्या अभ्यासात प्रत्यक्ष उतरणे हा उत्तरार्ध असून, गुंतवणुकीचे यशापयश त्यावरच ठरणार आहे.

या लेखात ई-साधनांची संकल्पना, त्यांच्या उपलब्धतेचा देशातील प्रवास, वापरातील अडथळे आणि विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ कसा घ्यावा, यांचा क्रमाने विचार केला आहे.

कावेरीकाठचे दोन दाखले

तामिळनाडूतील तंजावर–कुंभकोणम लोहमार्गावर पापनाशम आणि स्वामीमलै यांच्या दरम्यान सुंदरपेरुमाळ कोयिल हे छोटे स्थानक आहे. अशा गावातील विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी जवळचे मोठे गाव म्हणजे कुंभकोणम. तेथील शासकीय महाविद्यालयाची स्थापना १८५४ मध्ये झाली. ग्रंथालयाचा आणि प्रतिभेचा संबंध किती निकटचा असतो, याचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण याच गावात घडले.

श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण कुंभकोणममध्ये गेले. १९०३ च्या सुमारास, शालेय वयात, शासकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील जी. एस. कार यांचा गणितातील सूत्रांचा संग्रह एका मित्रामार्फत त्यांच्या हाती आला. हजारो सूत्रे व प्रमेये असलेल्या या ग्रंथात सिद्धता फारच त्रोटक होत्या. त्या स्वतः शोधता शोधता रामानुजन यांची बुद्धी फुलली. ग्रंथालयातील एका पुस्तकाने एक गणिती घडवला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

तथापि या कथेला दुसरी बाजूही आहे. कार यांचा ग्रंथ १८८० च्या दशकातला होता आणि त्याची बैठक त्याहूनही जुनी होती. युरोपातील गणित दरम्यानच्या काळात बरेच पुढे गेले होते. ते सांगणारी नियतकालिके कुंभकोणमच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात नव्हती. परिणामी रामानुजन यांची उमेदीची काही वर्षे युरोपात आधीच सिद्ध झालेले निष्कर्ष नव्याने शोधण्यात गेली. अविभाज्य संख्यांविषयीची त्यांची काही आरंभीची विधाने सदोष राहिली, याचे एक कारण आवश्यक आधुनिक सिद्धान्त त्यांच्या वाचनात आले नव्हते, हेच होते. १९१३ मध्ये केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला, तेव्हा कोठे ही दरी भरून येऊ लागली. असामान्य प्रतिभेला जे नुकसान सोसावे लागले, ते सामान्य विद्यार्थ्याच्या वाट्याला किती अधिक येत असेल, याची कल्पना करता येते.

याच कावेरीच्या मुलखात, तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे, १८९२ मध्ये शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म झाला. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडले. ग्रंथ वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे, हे त्यांचे सार होय. पुढे १९६७ मध्ये रामानुजन यांच्यावर पुस्तक लिहिणारेही हेच रंगनाथन. त्यांच्या पहिल्याच सिद्धान्ताच्या कसोटीवर आजच्या ई-साधनांकडे पाहणे उचित ठरेल.

ई-साधने म्हणजे काय?

संगणक, टॅबलेट किंवा मोबाइल संचाच्या साहाय्याने वाचता, शोधता किंवा उतरवून घेता येणाऱ्या ग्रंथालयीन साहित्यास स्थूलमानाने ‘ई-साधने’ म्हणतात. अभ्यासाच्या सोयीसाठी त्यांचे पुढील प्रकार करता येतात :

• ई-नियतकालिके : संशोधनपर लेख प्रसिद्ध करणारी नियतकालिके. प्रत्येक लेखाला बहुधा ‘डीओआय’ हा कायमस्वरूपी ओळखक्रमांक असतो. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी या क्रमांकावरून लेख शोधता येतो.

• ई-पुस्तके : पाठ्यपुस्तके, संदर्भग्रंथ, ज्ञानकोश व शब्दकोश.

• माहितीसंच : लेखांच्या नोंदी व सारांश किंवा संपूर्ण मजकूर विषयवार शोधण्याची सोय देणारे संग्रह.

• प्रबंधसंग्रह : विद्यापीठांनी मान्य केलेल्या पीएच.डी. प्रबंधांचे संग्रह.

• मुक्त साधने : वर्गणीविना कोणालाही उपलब्ध असणारे लेख, पाठ व पुस्तके. भौतिकशास्त्र व गणितातील लेखांचा ‘आर्काइव्ह’ हा संग्रह १९९१ पासून चालू आहे. मुक्त प्रवेशाच्या चळवळीला २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने दिशा दिली.

वर्गणीच्या साधनांपर्यंत वाचक पोहोचतो तो मुख्यतः दोन मार्गांनी. पहिला मार्ग संस्थेच्या जाळ्यातून जातो. विद्यापीठाच्या इंटरनेट जोडणीचा ‘आयपी पत्ता’ प्रकाशकाकडे नोंदवलेला असतो. त्या जाळ्यातील कोणत्याही संगणकावरून केलेली मागणी ओळखली जाते आणि लेख खुला होतो. दुसरा मार्ग दूरस्थ प्रवेशाचा. विद्यार्थी घरून वा वसतिगृहातून आपल्या संस्थेने दिलेले वापरकर्ता-नाम व पासवर्ड देतो. संस्था त्याची ओळख पटवते आणि प्रकाशक प्रवेश देतो. इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इन्फेड’ ही व्यवस्था याच तत्त्वावर चालते. हा दुसरा मार्ग ठाऊक नसल्यामुळे संस्थेच्या आवाराबाहेर पाऊल टाकताच ग्रंथालय बंद झाले, असा समज अनेक विद्यार्थी करून घेतात.

वर्गणीच्या संकटातून सामूहिक खरेदीकडे

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत विदेशी संशोधन नियतकालिकांच्या किमती झपाट्याने वाढत गेल्या. त्यातच जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर व पौंडांत भरावयाची वर्गणी भारतीय विद्यापीठांना आणखी महाग पडू लागली. ग्रंथालयांनी नियतकालिके कमी करण्यास सुरुवात केली. प्रत्येक विद्यापीठाने स्वतंत्रपणे घासाघीस करण्याऐवजी सर्वांनी मिळून खरेदी केल्यास दर कमी पडेल आणि अधिक साहित्य मिळेल, हा विचार यातून पुढे आला. अशा सामूहिक खरेदी करणाऱ्या संघास ‘कन्सॉर्शियम’ म्हणतात.

या कार्याची धुरा सांभाळणाऱ्या इन्फ्लिबनेटचा आरंभ महाराष्ट्राशी निगडित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान केंद्रांतर्गत हा प्रकल्प सुरू केला. १९९६ मध्ये त्यास स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्राचा दर्जा मिळाला. आज त्याचे मुख्यालय गुजरातमधील गांधीनगर येथे आहे. त्यानंतरच्या वाटचालीतील प्रमुख टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

• २००३ : तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते डिसेंबरमध्ये यूजीसी-इन्फोनेट डिजिटल लायब्ररी कन्सॉर्शियमचा शुभारंभ. तंत्रशिक्षण संस्थांसाठी ‘इंडेस्ट’ हा स्वतंत्र संघही याच वर्षी अस्तित्वात आला.

• २००९ : राष्ट्रीय माहिती व संपर्क तंत्रज्ञानाधारित शिक्षण अभियानास प्रारंभ. याच वर्षीच्या आयोगाच्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे बंधनकारक केले. त्यातून ‘शोधगंगा’ हा प्रबंधसंग्रह वाढीस लागला. आज त्यात ५ लाखांहून अधिक प्रबंध आहेत.

• २०१० : महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ योजनेचे मे महिन्यात औपचारिक उद्घाटन.

• २०१५ : यूजीसी-इन्फोनेट, एन-लिस्ट व इंडेस्ट यांचे एकत्रीकरण होऊन ‘ई-शोधसिंधू’ची स्थापना.

• २०१८ : आयआयटी खरगपूरने विकसित केलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते १९ जून रोजी राष्ट्रार्पण.

• २०२४ : केंद्रीय मंत्रिमंडळाची २५ नोव्हेंबर रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मंजुरी.

यांपैकी एन-लिस्टचे महत्त्व विशेष आहे. यूजीसी-इन्फोनेटचा लाभ प्रामुख्याने विद्यापीठांच्या मुख्य परिसरांना मिळत होता; देशातील बहुसंख्य विद्यार्थी मात्र संलग्न महाविद्यालयांत शिकतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात, म्हणजेच आजच्या जयकर ज्ञानस्रोत केंद्रात, जे उपलब्ध असे ते अकोले वा सुरगाणा तालुक्यातील विद्यार्थ्याला मिळण्यासाठी पुणे गाठण्यावाचून पर्याय नव्हता. तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठाच्या परिसरापासून दूर असलेल्या कुंभकोणमच्या विद्यार्थ्याची स्थितीही हीच होती. एन-लिस्टने शासकीय व अनुदानित महाविद्यालयांना अल्प सदस्यशुल्कात हजारो ई-नियतकालिके व लाखाहून अधिक ई-पुस्तके खुली करून दिली. ग्रंथ असलेल्या ठिकाणी वाचकाने जाण्याऐवजी वाचक असेल तेथे ग्रंथ पोहोचवावेत, हा विचार आपल्याकडे नवा नाही. कुंभकोणममध्ये जन्मलेले तंजावरचे मराठी भाषक सर टी. माधवराव ज्या बडोदे संस्थानाचे दिवाण होते, त्याच संस्थानात पुढे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून गावोगावी ग्रंथालये व पेटीतून फिरणारी वाचनालये सुरू केली होती. एन-लिस्ट ही त्या फिरत्या पेटीची आधुनिक आवृत्ती होय.

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’

या केंद्रीय योजनेनुसार ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिके देशातील ६,३०० हून अधिक संस्थांना उपलब्ध करून देण्याचे नियोजन आहे. केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र शासनाच्या संशोधन व विकास संस्था यांचा त्यात समावेश असून, सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक लाभार्थी आहेत. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांसाठीची तरतूद सुमारे ६,००० कोटी रुपये आहे. समन्वयाचे काम इन्फ्लिबनेटकडे सोपवण्यात आले आहे. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी आदी प्रकाशकांचा अंतर्भाव असल्याने विज्ञानाबरोबरच सामाजिक शास्त्रे, मानव्यविद्या आणि गणित या विषयांनाही लाभ होतो.

आकड्यांचा थोडा अधिक विचार केल्यास योजनेचा अर्थ स्पष्ट होतो. वर्षाला सुमारे २,००० कोटी रुपये आणि १.८ कोटी लाभार्थी हे प्रमाण धरले, तर दरडोई वार्षिक खर्च सुमारे १,१०० रुपये येतो. एकेका विदेशी नियतकालिकाची संस्थात्मक वर्गणी पाहता ही रक्कम अत्यल्प आहे. परंतु लाभार्थ्याने वर्षभरात एकही लेख वाचला नाही, तर तीच रक्कम पूर्णतः वाया जाते. प्रकाशकाला पैसे मिळतात ते उपलब्धतेचे. देशाला मोबदला मिळतो तो वापरातून.

ग्रंथालयशास्त्रात यासाठी ‘प्रति-वापर खर्च’ हे मोजमाप वापरतात. समजा, एखाद्या साधनाची वर्गणी १० लाख रुपये आहे. वर्षात त्यातील १०,००० लेख वाचले गेले, तर एका लेखाचा खर्च १०० रुपये पडतो. १,००० च लेख वाचले गेले, तर तोच खर्च १,००० रुपये होतो. प्रकाशकांनी वापराची आकडेवारी समान पद्धतीने द्यावी यासाठी २००२ पासून ‘काउंटर’ हा आंतरराष्ट्रीय उपक्रम कार्यरत आहे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेतील वापराचा वेळोवेळी आढावा घेण्याची जबाबदारी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे देण्यात आली आहे, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची आहे.

योजनेच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण २०२१-२२ नुसार देशातील उच्च शिक्षणातील एकूण पटसंख्या ४.३३ कोटी आहे. १.८ कोटी ही लाभार्थी संख्या तिच्या निम्म्याहूनही कमी भरते. खासगी विनाअनुदानित संस्थांतील विद्यार्थी पहिल्या टप्प्यात योजनेबाहेर आहेत. त्यांच्यासाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, शोधगंगा, ई-पीजी पाठशाला आणि २०१७ मध्ये सुरू झालेला ‘स्वयम्’ मंच ही सर्वांना खुली असलेली साधने अधिक मोलाची ठरतात.

वापर का अडतो?

साधन उपलब्ध असूनही ते वापरले जात नाही, याची कारणे ढोबळमानाने पाच गटांत विभागता येतात.

पहिले कारण अनभिज्ञता. आपले महाविद्यालय एन-लिस्टचे सदस्य आहे किंवा नाही आणि असल्यास आपले वापरकर्ता-नाम कोणाकडून मिळेल, हे पदवीच्या विद्यार्थ्याला पुष्कळदा कोणी सांगितलेलेच नसते. मुद्रित पुस्तक कपाटात डोळ्यांसमोर असते. ई-साधन अदृश्य असते. म्हणूनच त्याची ओळख मुद्दाम करून द्यावी लागते.

दुसरे कारण शोधकौशल्याचा अभाव. सर्वसाधारण शोधयंत्रात एक शब्द लिहून पहिल्या पानावरील दोन-तीन दुवे उघडण्याची सवय विद्यार्थ्याला असते. माहितीसंचात हीच पद्धत वापरली, तर हजारो निष्कर्ष समोर येतात आणि तो गोंधळून परत फिरतो.

तिसरे कारण पायाभूत सुविधांचे. सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ६१ टक्के महाविद्यालये ग्रामीण भागात आहेत. वीजपुरवठा, जोडणीचा वेग आणि संगणकांची संख्या यांवर तेथील वापर अवलंबून राहतो. मोबाइल संच बहुतेकांजवळ आला असला, तरी संशोधनपर लेखाची पाने लहान पडद्यावर वाचणे कष्टाचे असते.

चौथे कारण भाषेचे. वर्गणीच्या साधनांची भाषा जवळजवळ सर्वस्वी इंग्रजी आहे. मराठी किंवा तमिळ माध्यमातून पदवीपर्यंत आलेल्या विद्यार्थ्याला विषय समजत असतो. पण लेखाची घडण आणि परिभाषा परकी वाटते.

पाचवे आणि कदाचित सर्वांत प्रभावी कारण म्हणजे अध्यापन व परीक्षा यांची पद्धत. नेमलेल्या एका पुस्तकावर किंवा छापील टिपणांवर उत्तीर्ण होता येत असेल, तर विद्यार्थी अन्य साधनांकडे वळण्याची अपेक्षा व्यर्थ ठरते. ज्या विषयात अध्यापक स्वतः लेखांचा निर्देश करतात आणि स्वाध्यायात संदर्भ मागतात, तेथे वापर आपोआप वाढतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचा समावेश झाला आहे. त्यामुळे ही गरज आता पदव्युत्तर वर्गापुरती उरलेली नाही.

भारतीय भाषांतील ठेवा

ई-साधने म्हणजे केवळ विदेशी नियतकालिके नव्हेत. तंजावर येथे १६७६ ते १८५५ या काळात भोसले घराण्याचे राज्य होते. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाचा पाया नायक राजांच्या काळात घातला गेला आणि दुसरे सरफोजीराजे यांनी त्याला आजचे वैभव मिळवून दिले. संस्कृत व तमिळ ग्रंथांबरोबरच सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आणि राज्यकारभाराचे मोडी लिपीतील कागद तेथे जतन केलेले आहेत. मराठी नाटक, संगीत, वैद्यक व समाजव्यवहार यांच्या अभ्यासकाला हा ठेवा अनिवार्य आहे. परंतु महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला तो पाहायचा, तर दीर्घ प्रवास आणि मुक्कामाचा खर्च आला. असे साहित्य अंकीय स्वरूपात आले, की मराठी आणि तमिळ अभ्यासकांमधील अंतर कमी होते. मात्र प्रतिमा उपलब्ध झाल्या तरी त्या वाचण्यासाठी मोडीचे ज्ञान लागतेच; म्हणजे येथेही उपलब्धतेच्या पुढे कौशल्याचा प्रश्न उभा राहतो.

राष्ट्रीय पातळीवर २००३ मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू झाले होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ अभियानाची घोषणा करण्यात आली असून, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन हे त्याचे उद्दिष्ट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर या साधनांच्या अभ्यासाला नवे महत्त्व आले आहे. मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर सर्वांना खुले आहेत. इंग्रजी लेखाकडे वळण्यापूर्वी विषयाची पूर्वपीठिका व परिभाषा समजून घेण्यासाठी त्यांचा उत्तम उपयोग होतो.

दृष्टिबाधित व मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ई-साधनांचे मोल आणखी वेगळे आहे. त्यांच्यासाठी २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. अशा वाचकांसाठी स्वामित्वहक्काचे अडथळे दूर करणाऱ्या २०१३ च्या माराकेश करारास मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला, तो २०१४ मध्ये.

सुलभता आणि प्रामाणिकपणा

मजकूर सहज मिळू लागला, की त्याची नक्कलही सहज होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संशोधनलेखनातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सुधारित प्रत सहा महिन्यांच्या आत सादर करावी लागते. ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्षापर्यंत सुधारित प्रत सादर करण्यास मनाई होते आणि ६० टक्क्यांहून अधिक साम्य असल्यास नोंदणीच रद्द होते. साम्य तपासणारी संगणकप्रणाली विद्यापीठांना पुरवण्यासाठी २०१९ मध्ये ‘शोधशुद्धि’ हा उपक्रम सुरू करण्यात आला.

दुसरा धोका बनावट नियतकालिकांचा आहे. पैसे घेऊन परीक्षणाविना लेख छापणारी नियतकालिके बाह्यतः प्रतिष्ठित नियतकालिकांसारखीच दिसतात. त्यांना आळा घालण्यासाठी आयोगाने २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ सूची सुरू केली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद करण्यात येऊन निवडीसाठी मार्गदर्शक निकष देण्यात आले. याचा अर्थ असा, की नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता अधिकाधिक संस्थेवर आणि अभ्यासकावर आली आहे. संपादक मंडळ कोणाचे, परीक्षणाची पद्धत कोणती, शुल्क उघड केले आहे काय आणि मान्यताप्राप्त माहितीसंचात नोंद आहे काय, हे प्रश्न विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजेत. संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करून दिलेल्या उत्तरांच्या बाबतीत ही दक्षता अधिकच आवश्यक आहे. कारण अशा उत्तरांत अस्तित्वातच नसलेले संदर्भही आढळतात. मूळ लेख उघडून पाहणे हाच त्यावर खात्रीचा उपाय होय.

विद्यार्थ्यांसाठी कार्यपद्धती

स्पर्धा परीक्षा असो, स्वाध्याय असो वा लघुप्रबंध, ई-साधनांचा वापर पुढील क्रमाने केल्यास वेळ वाचतो :

१. महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडून संस्थेची सदस्यत्वे आणि दूरस्थ प्रवेशाची पद्धत समजून घ्यावी व आपले वापरकर्ता-नाम मिळवावे.

२. विषय एका प्रश्नाच्या रूपात मांडावा. ‘पाणी’ हा विषय नव्हे. ‘ठिबक सिंचनामुळे ऊस पिकाच्या पाणीवापरात किती बदल होतो’ हा विषय होय.

३. प्रश्नातील मुख्य शब्द व त्यांचे इंग्रजी पर्याय लिहून काढावेत. दोन शब्द एकत्र हवे असल्यास ‘अँड’, पर्यायी शब्दांसाठी ‘ऑर’ आणि नको असलेला अर्थ वगळण्यासाठी ‘नॉट’ ही जोडपदे वापरावीत. सलग शब्दसमूह अवतरणचिन्हांत द्यावा.

४. प्रथम ज्ञानकोश व पाठ्यपुस्तक, नंतर आढावा लेख आणि शेवटी मूळ संशोधनलेख, असा वाचनाचा क्रम ठेवावा.

५. सारांश आधी वाचावा. उपयुक्त वाटल्यासच संपूर्ण लेख उतरवून घ्यावा. चांगल्या लेखाच्या संदर्भसूचीतून पुढील वाचन निवडावे.

६. लेखक, शीर्षक, वर्ष व डीओआय यांची नोंद त्याच वेळी करावी.

७. शोधगंगेतील आपल्या विषयावरील प्रबंधाचे पूर्वसाहित्याचे प्रकरण पाहावे. विषयावर कोणते काम झाले आहे आणि कोणते शिल्लक आहे, याचा अंदाज त्यातून येतो.

८. शासकीय आकडेवारीसाठी मूळ अहवालच पाहावा; दुय्यम टिपणांतील आकडे जुने वा चुकीचे असू शकतात.

पुढील दिशा

ई-साधनांची मालिका उभारून देशाने उपलब्धतेचा टप्पा बऱ्याच अंशी ओलांडला आहे. येथून पुढची कामे तुलनेने कमी खर्चाची, परंतु चिकाटीची आहेत. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाबरोबरच ई-ग्रंथालयाचे वापरकर्ता-नाम देणे, वर्षातून किमान दोनदा प्रात्यक्षिकासह कार्यशाळा घेणे, प्रत्येक अभ्यासक्रमात काही लेखांचे वाचन आवश्यक करणे आणि वापराची आकडेवारी विभागवार प्रसिद्ध करणे, ही ती कामे होत. त्यासाठी महाविद्यालयांतील ग्रंथपालांची पदे भरलेली असणे अगत्याचे आहे. ग्रंथाची देवघेव यंत्राने होऊ शकेल. परंतु गोंधळलेल्या विद्यार्थ्याला नेमका लेख दाखवून देणे हे प्रशिक्षित माणसाचेच काम आहे.

खासगी संस्थांतील विद्यार्थ्यांपर्यंत योजनेचा विस्तार आणि भारतीय भाषांतील सारांश व परिभाषाकोश यांची निर्मिती हे धोरणात्मक प्रश्न आहेत. ते मार्गी लागल्यास जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थी आणि महानगरातील विद्यापीठाचा विद्यार्थी यांच्यासमोर एकच ग्रंथालय खुले राहील. ग्रंथ वापरासाठी असतात हा रंगनाथन यांचा सिद्धान्त ई-साधनांनाही तितकाच लागू आहे. म्हणून त्यांच्या यशाचे गमक किती नियतकालिके विकत घेतली यात नसून, किती विद्यार्थ्यांनी ती उघडून वाचली यातच शोधले पाहिजे.